वाचून दाखवलेली गोष्ट

४ फेब्रुवारी, मंगळवार

'लाभार्थी' बंद. 'गरजू' बंद. 'बिचारी' तर बंदच — पण तो शब्द मी गेल्या पाच वर्षांत लिहिलेला नाही, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे वळून हसायचं काही कारण नव्हतं!

दिवसभर सभागृहात कोंडून घातलं होतं. बाहेरून प्रशिक्षक आले होते. पांढरा फळा, तीन रंगांची पेनं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरोबर?' यापुढे संस्थेच्या पत्रिकेत माणसांची दुःखं लिहायची नाहीत, त्यांची ताकद लिहायची. काय जमत नाही ते नाही, काय जमतं ते विचारायचं. मी मागच्या रांगेत बसून वहीत प्रशिक्षकांच्या मिशा काढत होते. अकरा वर्षं ही पत्रिका मी लिहिते आहे. लोक माझी गोष्ट वाचून रडतात आणि रडले की मदत करतात, एवढं मला कळतं.

मग त्यांनी माझीच एक जुनी गोष्ट काढली. चार वर्षांपूर्वीची. दोन मुलींची आई, फाटकं पांघरूण, कोपऱ्यात विझलेला स्टोव्ह. अख्खी मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर शांतपणे विचारलं, "ही त्या बाईंना वाचून दाखवली होती?"

नव्हती. अंक तरी दिला होता का, तेही आठवेना. त्यात मी लिहिलंय की तिच्या अंगाला वास येत होता. येत होताच. पण तिच्या मुली आता शाळेत जातात, त्यांना वाचता येतं. माझे कान तापले.

नवा नियम — गोष्ट ज्याची, त्याला छापायच्या आधी वाचून दाखवायची. त्याच्या घरी बसून, शब्द न शब्द, मोठ्यानं. तो म्हणेल ते खोडायचं. मग खाली त्याची सही.

घरी येऊन वहीतल्या मिशा खोडून टाकल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भिंतीवर नियमांची यादी लागली. शेवटचा नियम मोठ्या बाईंनी लाल पेनानं अधोरेखित केलाय — 'आपल्या गोष्टीत संस्था नायक नको.' मोठ्या बाई म्हणजे आमच्या संचालिका. स्वतःचा फोटो नसलेला अंक त्यांना चालतो का, बघू आता!

११ फेब्रुवारी, मंगळवार

नव्या पद्धतीची पहिली गोष्ट. मावशी मला शिलाईवाल्या ताईंकडे घेऊन गेल्या. मावशी म्हणजे आमच्या चार सेविकांमधल्या सगळ्यात जुन्या. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, तिथे आठवड्यातून तीन सकाळी, नऊ ते बारा, सेविका जाते. अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठीला जखम होत नाही ना ते बघायचं. एरवी हे सगळं करणाऱ्या माणसाला तेवढी उसंत मिळते. सेविका चार आणि वाट बघणारी घरं साठ.

दीड खोली. पुढे मशीन, कापडाचे गठ्ठे, शाळेच्या गणवेशांचा ढीग. मागे पडदा, पडद्यामागे पलंग, पलंगावर ताईंचा नवरा. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, गल्लीत त्याला अजून पेंटरच म्हणतात. सहा वर्षांपूर्वी शिडीवरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं. हात आणि डोकं शाबूत. मी पडद्याशी जाऊन नमस्कार केला. "मॅडमना चहा दे गं," एवढं म्हणून त्यानं रेडिओ लावला. मी मशीनपाशी येऊन बसले. गोष्ट ताईंची होती.

शिकवलेला प्रश्न विचारला — तुम्हाला काय छान जमतं? विचारताना मलाच कसंतरी झालं. ताई मशीन थांबवून हसायलाच लागल्या.

"झोपेत उठता येतं मला! दर दोन तासांनी उठते, ह्यांची कूस बदलते, परत पडते. सकाळी विचारलंत तर आठवणारही नाही."

मग त्यांनी तो सदरा दाखवला. पाठीकडून उघडणारा, बाजूला नाड्या, शिवण अशी वळवलेली की पाठीखाली टोचणार नाही. माणसाला उचलावं न लागता अंगात घालता येतो. स्वतःच्या डोक्यानं काढलाय. आजपर्यंत सात घरांना शिवून दिलेत. सात! आणि मी दोन वर्षांपूर्वी ह्याच घरी येऊन उशाशी औषधाच्या बाटल्या किती, तेवढं टिपून गेले होते.

येताना पाय हलके होते. खूप दिवसांनी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गोष्ट झाली. 'सात घरांचा सदरा.' आईला दिली. आई निवृत्त शिक्षिका, तिच्या हाती कागद गेला की लाल शाई ठरलेली. तिनं दोन स्वल्पविराम घातले आणि म्हणाली, "ही बाई मला आवडली."

अकरा वर्षांत पहिल्यांदा. आजवर तिला माझ्या गोष्टीतल्या माणसांची नुसती कीव यायची.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाचून दाखवली. ताईंनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि शाळेत बसावं तशा ताठ बसून ऐकलं. मध्ये एकदा डोळे भरून आले. "हे मी केलं?" म्हणाल्या. अहो, तुम्हीच केलंत!

एकाच जागी अडलं. त्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "मावशी येतात म्हणून जमतं. त्या तीन सकाळी नसत्या तर मी केव्हाच आडवी झाले असते." ते वाक्य मी घेतलं नव्हतं. त्यांच्या बरोबर लक्षात आलं. "मावशींचं राहिलं की!"

मी समजावलं. ताई, संस्थेनं आपलंच कौतुक छापायचं नसतं. ही तुमची गोष्ट, तुमची ताकद. त्यात आम्ही कशाला?

"पण त्यांना वाईट नाही का वाटणार?"

मावशींना मी सांगते, म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि सही केली. त्या म्हणतील ते खोडायचं, असा नियम आहे. त्या म्हणतील ते घालायचं, असा नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अंक आला. फोनवर फोन. प्रशिक्षकांचाही — "अगदी हेच म्हणत होतो मी, बरोबर?" ताईंचा फोटो मोठा करून प्रवेशद्वाराशी लावलाय, दाताखाली दोरा, नजर समोर. खाली माझं वाक्य: 'कुणाच्या आधाराची वाट न बघता ती उभी राहिली.' येणारा जाणारा थांबतो.

मी आज कँटीनमध्ये दोनदा चहा घेतला, दोन्ही वेळा दुसऱ्यांनी पाजला.

३ मार्च, सोमवार

काय लिहू?

शनिवारी समितीची सहामाही बैठक झाली. तिचा वृत्तांत नेहमी मीच टाइप करते. मोठ्या बाईंनी सकाळी कच्ची टिपणं टेबलावर ठेवली. सेविकांच्या घरांचा आढावा. कुणाची सेवा चालू, कुणाची बंद. पाचव्या ओळीवर ताईंचं घर.

'सेवा थांबवावी. कारण — सदर महिला सक्षम असून स्वतःच्या बळावर उभी आहे. पाहा: पत्रिका, फेब्रुवारी अंक.'

पाहा! म्हणजे माझी गोष्ट. पुरावा म्हणून जोडलेली.

मी धावत मोठ्या बाईंकडे गेले तर त्या खुशीत. "तुझ्या गोष्टीनं काम सोपं केलं बघ. डॉक्टर म्हणाले, ह्या बाईला आपली गरजच नाही, ती दुसऱ्यांना सदरे शिवून देतेय!" डॉक्टर म्हणजे समितीतले निवृत्त डॉक्टर. त्यांनी वाचलं ते बरोबरच वाचलं. मावशींचं एक वाक्य असतं तर त्यांचं बोट तिथे अडलं असतं. ते मी काढलं होतं, नम्रपणा म्हणून!

ती ओळ मीच टाइप केली. 'सक्षम' शब्द दोनदा चुकला.

५ मार्च, बुधवार

मावशींची त्या घरातली शेवटची सकाळ. परत आल्या तेव्हा मी जिन्यात उभी होते. त्या ओरडल्या नाहीत. "तुम्ही माझं नाव नाही घातलंत ते ठीक आहे हो. पण ते वाचून असं वाटतं, की त्या घरात मी कधी गेलेच नाही."

तोंडात मारल्यासारखं झालं.

११ मार्च, मंगळवार

सहा दिवस टाळलं. आज गेले.

गल्लीच्या तोंडाशीच ताई भेटल्या. दोन्ही खांद्यांना गणवेशांच्या पिशव्या, हातात किल्ली. मागे दाराला बाहेरून कुलूप.

"ते आत आहेत ना?"

"आहेत की. कुठे जाणार?" आणि हसल्या. "अर्ध्या तासात येते म्हणून सांगितलंय."

ज्या दुकानाला माल द्यायचा ते दुकान पाऊण तासावर आहे. जाऊन येऊन दीड तास. काही झालं तर? "शेजारी एक किल्ली ठेवते. फोन त्यांच्या हाताशी असतो. आता मावशी नाहीत तर काय करू, माल तर पोचवायला हवा." पूर्वी त्या हे काम मावशींच्या वेळात करायच्या. ते मला माहीत होतं. मी ते लिहिलंही नव्हतं.

मी माफी मागायला लागले तर त्यांनी उलट माझीच समजूत घातली. "तुम्ही चांगलंच लिहिलंत, मॅडम. दुकानदार आता मला ताई म्हणतो. आधी 'ए शिलाई' म्हणायचा."

कडाकडा भांडल्या असत्या तर मला सोसलं असतं. परत येताना रस्ता दिसत नव्हता नीट. एका भिंतीला टेकून उभी राहिले थोडा वेळ. कुणीतरी पाणी हवं का म्हणून विचारलं.

१४ मार्च, शुक्रवार

मोठ्या बाईंसमोर चाळीस मिनिटं. म्हटलं, गोष्टीतलं एक वाक्य मी गाळलं, त्यानं सगळा अर्थ फिरला, सेवा पुन्हा सुरू करा.

"म्हणजे समितीला काय सांगू? आपल्याच अंकातली गोष्ट खोटी?"

खोटी नाही. अर्धी.

"अगं, त्या तीन सकाळी आता दुसऱ्या घराला दिल्या. तिथे म्हातारी आहे नि करायला एकटी नात. तिच्याकडून काढून घेऊ? तू सांग, मी घेते."

मी कसली सांगते. त्यांनाच दया आली असावी. म्हणाल्या, महिनाअखेरीला पाचवी सेविका येतेय, तिची घरं अजून ठरायचीत. त्यासाठी अठ्ठावीसला समितीची जादा बैठक. "अर्ज कर. पण नुसता अर्ज नको, साठ घरं आहेत रांगेत. गोष्ट जोड. तू पूर्वी लिहायचीस ना, तशी. डॉक्टरांच्या घशाशी आवंढा आला पाहिजे."

नियमांची यादी त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरच होती!

"आणि अगदीच नाही जमलं तर अंथरुणाला खिळलेल्यांचं निवासगृह आहे. तिथे एक जागा रिकामी आहे. पत्रक देऊन ठेव त्यांना. फोन केला की त्यांची गाडी येते."

१५ मार्च, शनिवार

पत्रक दिलं. ताईंनी बघितलंसुद्धा नाही, मशीनच्या खणात सारलं.

"तिथे मी ह्यांना ठेवणार नाही. मी मेले तरी नाही."

निवासगृह शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. भेट आठवड्यातून एकदा, एक तास. सगळ्यांना एकसारखे अंगरखे, घरचे कपडे चालत नाहीत. "एकवीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. त्यांच्याशी बोलल्याशिवाय माझा एक दिवस गेला नाही. पाटी रंगवायला परगावी गेले तरी फोन करायचे. सांभाळायचं म्हणून नाही ठेवत मी त्यांना घरात. ते हवेत मला."

आणि अर्जाला जोडायच्या गोष्टीचं? तेही नको. "रडगाणं नको, मॅडम. आत्ता कुठे लोक सरळ बघायला लागलेत माझ्याकडे."

ही माणसं बरी असतात तेव्हा मला लिहायला येत नाही, आणि लिहिलं की ती बरी राहत नाहीत. मला माझाच वीट आलाय.

१७ मार्च, सोमवार

ऑफिसात जाता येता तो फोटो. आज मागच्या दारानं गेले.

२१ मार्च, शुक्रवार

मावशींनी सांगितलं म्हणून गेले. मावशी कामावरून परतताना आपल्या वेळात तिथे डोकावतात, कुणाला न सांगता. पेंटरच्या कमरेवर जखम झालीय, रुपयाएवढी. दोन तासांची कूस आता चार तासांवर गेलीय, कारण ताईंची पाठ गेलीय. वाकता येत नाही. मशीनवर बसतात त्या बसूनच राहतात, उठताना भिंत धरतात.

मलमपट्टी आणायला ताई माझ्याबरोबर औषधांच्या दुकानापर्यंत आल्या. रस्त्यावर आल्यावर बांध फुटला. त्यांना उचलताना पाठीतून अशी कळ जाते की डोळ्यांपुढे अंधारी येते. ओरडले तर त्यांना कळेल, म्हणून टॉवेल दातांत धरते. परवा कुलूप लावून बाहेर पडले आणि वाटलं, परत जाऊच नये. कोपऱ्यापर्यंत तसंच वाटत होतं. "मग स्वतःच्या थोबाडीत मारली मी, मॅडम. भर रस्त्यात."

मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार? चारचौघांत दोघी उभ्या राहिलो.

"लिहा तुम्ही," त्या डोळे पुसून म्हणाल्या. "काय लिहायचं ते लिहा. काही लपवू नका. ते घरी राहिले पाहिजेत, बास."

२४ मार्च, सोमवार

लिहिली. दीड तासात. हात काही विसरला नव्हता!

टॉवेल घेतला. कुलूप घेतलं. जखम घेतली, रुपयाएवढी. 'परत जाऊच नये असं वाटतं' हे शेवटाला, जिथे सगळ्यात जास्त लागेल तिथे. 'त्याच्या देहाच्या ओझ्याखाली ती रोज थोडी थोडी मोडते आहे.' हे माझं वाक्य. लिहिताना मला माहीत होतं, इथे डॉक्टर चष्मा काढतील.

एक शब्द खोटा नाही. तरी लिहून झाल्यावर हात धुवावेसे वाटले.

आईनं वाचली. लाल पेन हातात होतं, उघडलं नाही. "अरेरे," म्हणाली. "फार वाईट." मग कागद परत देताना विचारलं, "ही तीच का गं? सदऱ्यावाली?"

२६ मार्च, बुधवार

वाचून दाखवली. नियम तो नियम — आणि ह्या वेळी मी ठरवलं होतं, ताई म्हणतील ते घालायचंसुद्धा.

त्यांना गणवेश उद्या द्यायचे होते, म्हणून मशीन थांबवलं नाही. "वाचा तुम्ही, मी ऐकते." पडद्यामागे रेडिओ. "ते झोपलेत, रेडिओ लागतो त्यांना झोपायला." मशीनच्या आवाजात ऐकू जाईना, म्हणून मी आवाज चढवून वाचायला लागले.

टॉवेलच्या जागी मशीन थांबलं. मी वाचत राहिले. थोड्या वेळानं रेडिओही बंद झाला. शांत झालं आणि वाचायला सोपं गेलं. शेवटपर्यंत एका दमात वाचली. मला वाचता चांगलं येतं, शाळेपासून.

'परत जाऊच नये' हे शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर मी विचारलं, हे राहू दे? ताई खाली बघत होत्या. अगदी हळू म्हणाल्या, "राहू द्या. खरंच आहे."

"आणखी काही घालायचंय?"

"मावशींचं घाला," म्हणाल्या. "त्या यायच्या तेव्हा असं नव्हतं, असं घाला."

घातलं. तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर. वाचून दाखवलं तेही. त्यांनी सही केली. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि पडद्याकडे बघून सवयीनं नमस्कार केला. आतून काही आवाज आला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

मंजूर!! पाचव्या सेविकेचं पहिलंच घर. सोमवारपासून, आठवड्यातून तीन नाही, चार सकाळी! डॉक्टरांनी चष्मा काढला — मी खुर्चीवर बसून बघत होते, बरोबर त्याच वाक्याला. आणि मग ते म्हणाले, "फेब्रुवारीत मी हे कसं पाहिलं नाही?" मला उठून सांगावंसं वाटलं, मी दाखवलं नाही म्हणून. नाही सांगितलं. भित्री आहे मी.

ताईंना फोन केला. पलीकडे आधी रडणं, मग हसणं. ओरडून आत सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं — "अहो, मिळाली! सोमवारपासून!" तो काय म्हणाला ते कळलं नाही. ताई म्हणाल्या, "ह्यांनाही बरं वाटलं."

मोठ्या बाईंना ही गोष्ट पुढच्या अंकात हवी आहे. मी नाही म्हणून सांगितलं. अकरा वर्षांत त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं. ही गोष्ट समितीतल्या पाच माणसांनी वाचली, आता ती फायलीत राहील. दुसऱ्या कुणी ऐकायची नाही.

आज झोप लागेल असं वाटतंय. गेले चार आठवडे डोळा लागला की तो 'सक्षम' शब्द दिसायचा.

३१ मार्च, सोमवार

सेविका नऊला पोचली. पलंग रिकामा.

शनिवारी ताई माल द्यायला गेल्या तेव्हा पेंटरनं निवासगृहाला स्वतः फोन केला. त्याआधी शेजारणीकडून कुलूप उघडून, मशीनच्या खणातलं पत्रक मागून घेतलं होतं. गाडी आली, दोन माणसांनी उचलून नेला. काल त्या भेटीच्या तासाला जाऊन आल्या. पाया पडल्या, भांडल्या. तो यायला तयार नाही.

हे सगळं त्यांनी मला माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं. बसल्या नाहीत. रडल्याही नाहीत.

"ते झोपले नव्हते, मॅडम," म्हणाल्या. "तुमच्यासाठी निरोप दिलाय. म्हणाले, त्यांना सांग, मला वाचून दाखवलीत ते बरं केलंत. घरात हे मला कुणी सांगितलं नसतं."

मग त्यांनी विचारलं, ती गोष्ट खोडता येईल का.